स्थापनेचं साल आणि हातातलं काम

भिंतीवर लावायचा कागद आणि पडद्या-सोफ्यांचं उंची कापड बनवणाऱ्या युरोपातल्या जुन्या पेढ्यांच्या वारशावर वाद निघाला की तो दोनच बाजूंनी घातला जातो. एक बाजू म्हणते, हा सगळा नावाचा पैसा आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं साल छापून आजच्या मालाला अवाच्या सव्वा किंमत लावायची, एवढाच या वारशाचा अर्थ. दुसरी बाजू म्हणते, ही कला आहे, इतिहास आहे, तिथे पैशाचा हिशेब काढणं गैर. दोघंही हिरिरीने भांडतात आणि दोघंही भूतकाळाबद्दलच भांडतात. पेढी कधी निघाली, तिचा कागद कोणत्या राजवाड्यात लागला, तिच्या संग्रहात नमुने किती. आज त्या पेढीच्या कारखान्यात काय चालतं हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते विचारण्यासारखं तेवढंच आहे. जी नक्षी पेढी आपली म्हणून मिरवते ती मूळ पद्धतीने आज छापता किंवा विणता येते का? येत असेल तर ती पेढी वारसदार आहे. येत नसेल तर तिच्याकडे जुन्या वस्तूंचा सुंदर संग्रह आहे. त्या संग्रहाला मान जरूर द्यावा, पण त्याच्या जोरावर जिवंत परंपरेची किंमत मागू देऊ नये.

काम कसं होतं ते पाहिलं की हा आग्रह का, ते कळतं. फ्रान्सच्या आल्सासमध्ये म्युलूझ शहराजवळ रिक्सहाइम नावाचं गाव आहे. ट्यूटॉनिक सरदारांच्या तिथल्या जुन्या वास्तूत १७९७ पासून वॉलपेपरचा कारखाना आहे आणि १८०२ मध्ये तो झां झ्युबेर यांच्या मालकीचा झाला. झ्युबेरचं नाव झालं ते खोलीच्या चारही भिंती व्यापणाऱ्या निसर्गदृश्यांमुळे. १८०७ मध्ये त्यांनी 'हिंदुस्थान' नावाचा असा कागद काढला. टॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी भारतात फिरून केलेल्या चित्रांवरून पिएर-आंत्वान मोंजँ या चित्रकाराने तो रचला होता. त्याला बाराशेच्या वर लाकडी ठसे लागले. १८३४ च्या 'उत्तर अमेरिकेची दृश्यं' या कागदाला १६९० ठसे आणि २२३ रंग लागले. ३२ पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की एक सलग देखावा होतो.

आधी कागदावर पार्श्वरंग हाताने ओढायचा. आकाशाची निळाई क्षितिजाकडे उतरताना फिकी होत गेली पाहिजे, म्हणून रंग ओला असतानाच ब्रश चालवावा लागतो. एकदा वाळला की दुरुस्ती नाही. मग ठसे. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक आकाराला वेगळा ठसा, नासपतीसारख्या फळझाडाच्या घट्ट लाकडात कोरलेला. ठसा रंगाच्या ओल्या गादीवर टेकवायचा, कागदावर नेमक्या जागी बसवायचा, वरून दाब द्यायचा आणि सरळ उचलायचा. कोपऱ्यांतल्या बारीक टाचण्यांचे ठिपके पुढचा ठसा कुठे बसवायचा ते दाखवतात. एक रंग पुरता वाळल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. ठसा उचलताना रंग कडेकडे ओढला जातो आणि पानाफुलाच्या भोवती केसाएवढा उंचवटा राहतो. तिरप्या उजेडात बघा, तो दिसतो. बोट फिरवलं तर लागतो. रंगात खडू किती, सरस किती, हवा दमट असेल तर काय बदलायचं, हात कुठे जड ठेवायचा आणि कुठे हलका, यातलं काहीही ठशावर कोरलेलं नसतं. ते फक्त छापणाऱ्याला ठाऊक असतं आणि शेजारी उभं राहून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला येत नाही.

झ्युबेरकडे असे एक लाखाहून जास्त ठसे आहेत आणि फ्रेंच सरकारने त्यांना ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. दर्जा योग्यच आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट, की त्यांतले काही ठसे आजही रंगात बुडतात. ठसे वापरात असले की नक्षीही हलती राहते. १८५२ मध्ये याच कारखान्याने 'उत्तर अमेरिकेची दृश्यं'मधले डोंगर, धबधबे आणि बंदरं तशीच ठेवली, पुढची माणसं बदलली आणि त्याच पार्श्वभूमीवर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा देखावा उभा केला. याउलट १९६१ मध्ये जॅकलिन केनेडी यांनी व्हाइट हाउसच्या एका दालनात जो 'उत्तर अमेरिकेची दृश्यं' लावला, तो मेरीलँडमधल्या पाडायला काढलेल्या घराच्या भिंतीवरून सोलून आणलेला होता. तो कागद वाचला याचा आनंदच आहे. पण वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाचवलेली जुनी वस्तू येते आणि ती वस्तू पुन्हा करू शकणारा माणूस येत नाही, ही आपल्या विचारातली उणीव या उदाहरणात लख्ख दिसते.

गाण्यात आपण ही चूक करत नाही. बंदिशींच्या वह्या घरात आहेत म्हणून एखादं घराणं चालू आहे असं कोणी म्हणत नाही; आज गाणारा आणि त्याच्यापुढे बसून शिकणारा लागतो. जपानी लोकांनी हेच इमारतींच्या बाबतीत केलं. इसे इथलं शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. सर्वात अलीकडची बांधणी २०१३ मध्ये पुरी झाली. तिथलं लाकूड नवं असतं म्हणून मंदिर नवं ठरत नाही, कारण बांधण्याचं ज्ञान हजार-बाराशे वर्षांचं आहे. वीस वर्षांचं अंतरही मोलाचं आहे. तरुणपणी हाताखाली काम केलेला सुतार पुढच्या खेपेला शिकवण्याच्या वयाचा झालेला असतो.

आता समोरच्यांचं म्हणणं. त्यांचा सर्वात वजनदार मुद्दा असा, की या पेढ्या जुन्या पद्धतीला चिकटून राहिल्या असत्या तर केव्हाच बुडाल्या असत्या. झ्युबेर स्वतः १८३० च्या सुमाराला सुटे ताव जोडणं सोडून सलग कागदाकडे वळलेल्या पहिल्या कारखान्यांपैकी एक. व्हर्सायजवळच्या जुई गावात ओबेरकाम्फ यांनी १७६० मध्ये लाकडी ठशांनी कापड छापायला सुरुवात केली, १७७० मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर गेले आणि शतक संपायच्या आत तांब्याचे रूळ बसवले. तेव्हा यंत्र चाललं, मग आज डिजिटल छपाईलाच विटाळ का?

यातला प्रत्येक तपशील खरा आहे, आणि तरीही निष्कर्ष निघत नाही. तांब्याच्या पत्र्याने ओबेरकाम्फला काय दिलं ते पाहा. लाकडात कधीच कोरता आली नसती अशी बारीक रेघ मिळाली, हातभर उंचीचे देखावे मिळाले. पांढऱ्या कापडावर एकाच रंगात शेतकरी, मेंढ्या, पडके बुरूज अशी जी चित्रं आज जुईच्या नावाने ओळखली जातात ती त्या पत्र्यातून जन्मली. साधन नवं आलं आणि त्याच्याबरोबर नवी नक्षी आली. आज बहुतेक ठिकाणी होतं ते वेगळं आहे. जुन्या ठशाने छापलेला कागद स्कॅन करायचा, त्याच्यावरचे रंगाचे उंचवटे, जुळणीतली किंचित चूक, ओरखडेसुद्धा फोटोसारखे सपाट शाईत उतरवायचे आणि वर स्थापनेचं साल छापायचं. डिजिटल छपाईवर माझा राग नाही. तिला जमेल अशी आणि तिलाच जमेल अशी नक्षी तिने काढावी. पुनरावृत्तीच नसलेली भिंत, हजारो छटांचा रंग हे तिचं खरं बळ. ठशाचा आव आणून ठशाची किंमत घेणं, एवढ्यालाच माझा विरोध आहे.

दुसरा मुद्दा माणुसकीचा आहे आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. जुन्या पद्धतीचं एवढं कौतुक करताना तिच्या आत काय होतं? ठसेवाल्याच्या गादीवर रंग पसरायला लहान मुलं उभी असत. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७० च्या दशकात शोधलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक होतं आणि एकोणिसाव्या शतकात घराघरांच्या भिंतींवर ते विष लागलं. विल्यम मॉरिससारख्या थोर इंग्लिश नक्षीकाराच्या कुटुंबाची मिळकत डेव्हनमधल्या ज्या तांब्याच्या खाणीतून येत होती ती आर्सेनिकही काढत होती आणि मॉरिस काही वर्षं तिच्या संचालकांत होते. पॅरिसमध्ये रेव्हेयों यांचा वॉलपेपर कारखाना एवढा नामांकित की १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंचा गरम हवेवर उडणारा फुगा त्यांच्या आवारात बांधला आणि सजवला गेला. सहाच वर्षांनी, एप्रिल १७८९ मध्ये, मजुरीबद्दल त्यांनी काढलेल्या उद्गारांवरून दंगल पेटली, घर-कारखाना लुटला गेला आणि गोळीबारात माणसं मेली. फ्रेंच राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडायला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. पेढ्यांच्या माहितीपत्रकांत फुगा असतो, दंगल नसते.

हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन, की यातून हाताचं काम सोडायचं कारण मिळत नाही. विषारी हिरवा गेला, निर्धोक हिरवा आला, ठसा तोच राहिला. मुलांना कामावरून काढलं म्हणून छपाई थांबली नाही. उलट, वारसा म्हणजे छापणारा माणूस हे एकदा मानलं की त्याची मजुरी, त्याचं आरोग्य, त्याच्या हाताखालच्या शिकाऊ मुलीचा पगार हे प्रश्न आपोआप वारशाचे प्रश्न होतात. वारसा म्हणजे नक्षी, असं मानलं की मात्र माणूस चित्राबाहेर जातो. रेव्हेयोंच्या काळातही तो असाच बाहेर गेला होता.

मॉरिसचा विषय निघाला आहे तर थोडं थांबतो, कारण माझ्या विरुद्धची सर्वात चांगली साक्ष त्यांच्याकडूनच येते. मॉरिस आणि मित्रांनी १८६१ मध्ये पेढी काढली. वॉलपेपरचे ठसे त्यांनी स्वतः छापले नाहीत. लंडनच्या जेफ्री कंपनीकडे ते काम दिलं. कापडाच्या रंगाचं मात्र त्यांना वेड लागलं. रासायनिक रंगांनी बाजार भरला होता, ते त्यांना भडक आणि कच्चे वाटत. नीळ आणि मंजिष्ठेची जुनी रंगाई इंग्लंडात जवळजवळ विसरली गेली होती. १८७५ पासून मॉरिस लीक गावी टॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊन जुनी पुस्तकं आणि जुने रंगारी यांच्या आधाराने ती पुन्हा शिकले, नीळीच्या पिंपात स्वतःचे हात घालून. त्याचं फळ १८८३ मध्ये दिसलं. स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांची त्यांची प्रसिद्ध नक्षी छापताना आधी अख्खं कापड गडद निळं रंगवायचं, मग ठशाने जिथे हवा तिथे निळा उडवायचा, त्या मोकळ्या जागी लाल आणि पिवळा चढवायचा. एक कापड पुरं व्हायला कित्येक दिवस जात. कागदावर काढलेल्या चित्रात यातलं काहीच नाही.

मग साक्ष विरुद्ध कशी? अशी, की मेलेली रंगाई मॉरिसनी पुस्तकांतून जिवंत केली. म्हणजे संग्रहात जीव असतो; आज कोणाला येत नसलं तरी उद्या येऊ शकतं; मग संग्रह जपणाऱ्या पेढीला वारसदार का म्हणू नये? याच धर्तीचं दुसरं उदाहरणही देता येईल. ढाक्याची मलमल एकोणिसाव्या शतकात विणायची बंद झाली, तिचे तुकडे संग्रहालयांत राहिले आणि गेल्या काही वर्षांत बांगलादेशात त्या तुकड्यांच्या आणि जुन्या वर्णनांच्या आधाराने तिच्या जवळ जाणारं कापड पुन्हा विणलं गेलं. हे मी मनापासून मान्य करतो. जुनं काही फेकू नये, एवढं त्यातून निर्विवाद सिद्ध होतं. पण दोन्ही ठिकाणी संग्रह आपणहून उठून बसला नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं वेळ घातला, पैसा घातला, शेकडो वेळा फसलं. ते करणारी पेढी वारसदार आहेच. कपाटाला कुलूप लावून स्कॅन विकणारी पेढी त्या मॉरिसचं नाव कोणत्या हक्काने घेते?

आणि आता तो मुद्दा, जो आपल्याकडे सर्वात आधी मांडला जातो आणि सर्वात वाईट रीतीने मांडला जातो. या सगळ्या युरोपीय फुलाफुलांच्या कापडाचं मूळ आपलं, त्यांनी चोरलं, तेव्हा त्यांच्या वारशाचं कौतुक कशाला? मूळ आपलं आहे, यात शंका नाही. सतराव्या शतकात भारताच्या पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेली छीट, म्हणजे फुलाफुलांचं रंगीत सुती कापड, आणि पलंगपोश यांनी युरोपला वेड लावलं. धुतलं तरी न जाणारा लाल, मेणाने कापड राखून चढवलेली निळाई, तुरटीच्या आधाराने पक्का बसणारा रंग. हे तिथे कोणाला जमत नव्हतं. घाबरून फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने ते वापरण्यावरच बंदी आणली. त्याआधी लंडनचे विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरची छीट फाडत होते. १७४२ मध्ये कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्रीने ख्रिस्ती झालेल्या आपल्या इथल्या कारागिरांकडून रंगाईची एकेक पायरी विचारून घेतली आणि पत्राने मायदेशी कळवली. फ्रान्समधली बंदी उठली आणि वर्षभरात जुईचा कारखाना सुरू झाला.

चोरी हा शब्द इथे काही अंशी बसतो, पण तो एकटा वापरला की विचार तिथेच संपतो. पाद्री पत्र घेऊन गेला म्हणून मच्छलीपट्टणच्या कारागिराचं ज्ञान कमी झालं नाही. त्याला येत होतं ते येतच राहिलं. खरी हानी बाजार बंद करणाऱ्या कायद्यांनी आणि पुढे गिरणीच्या कापडाने केली, म्हणजे हातांना काम उरलं नाही तेव्हा. याचा सर्वात बोलका पुरावा १८६६ मधला आहे. लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतभरच्या कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले आणि असे २० संच केले. १३ ब्रिटनमध्ये, ७ भारतात. पगडीची किनार, धोतराचा पोत, लुगड्याचं लांबी-रुंदीचं माप, सगळं नीट नोंदवलेलं. उद्देश उघड होता: भारतात काय खपतं ते ब्रिटिश गिरणीवाल्यांना कळावं आणि त्यांनी ते बनवावं. त्याहून काटेकोर संग्रह शोधून सापडणार नाही. तो आजही अभ्यासकांना उपयोगी आहे. आणि ज्यांच्या कापडाचा तो संग्रह होता त्यांचे माग बंद पाडायला त्याचा हातभार लागला. ज्या समाजाने हे सोसलं त्याने तरी संग्रहालाच वारसा समजू नये. युरोपच्या पेढ्यांना 'तुम्ही चोर' म्हणून मोकळं होण्यापेक्षा हे मागावं: तुमच्या छिटेच्या नक्षीखाली कोरोमंडलचं नाव लिहा, आणि कलमकारी करणारे हात आजही आहेत, तर त्यांच्याकडून शिकताना आणि घेताना त्यांचा वाटा द्या.

स्थापनेच्या सालाला मी किती कमी किंमत देतो हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी जुन्याचा भक्त ठरेन. द गुर्ने ही पेढी १९८६ मधली आहे, पण चिनी बनावटीच्या हाताने रंगवलेल्या कागदाची अठराव्या शतकातली पद्धत ती चीनमधल्या चित्रकारांच्या हातून आजही चालवते. माझ्या हिशेबात ती कित्येक शतकी पेढ्यांपेक्षा मोठी वारसदार आहे. व्हेनिसमध्ये बेव्हिलाक्वा अठराव्या शतकातल्या हातमागांवर मखमल विणते. अवघड नक्षीचं कापड दिवसाला जेमतेम तीस सेंटिमीटर होतं. तिथे साल १८७५ आहे, माग त्याहून जुने आहेत, आणि महत्त्वाचं एवढंच की माग चालू आहेत.

राहिला पैशाचा मुद्दा. हाताने छापलेला कागद मोजक्या श्रीमंतांनाच परवडतो आणि डिजिटल प्रत अनेकांच्या घरी जाते, हे खरंच आहे. श्रीमंतांच्या चैनीसाठी राबावं लागतं याची सल समाजवादी मॉरिसना आयुष्यभर होती आणि ती त्यांनाही सोडवता आली नाही. म्हणून प्रत विकू नये असं मी म्हणत नाही. स्वस्त विकावी, भरपूर विकावी, आणि ती प्रत आहे असं लिहावं. प्रत्येक गुंडाळीवर एवढं असावं: नक्षी कोणत्या वर्षाची, छपाई ठशाची, स्क्रीनची की डिजिटल, आणि ती कुठे झाली. ग्राहकाला ज्याची किंमत द्यायची आहे ते तो निवडेल.

फ्रान्सने याच दिशेने एक पाऊल टाकलं आहे. २००५ च्या कायद्याने तिथे जिवंत वारसा जपणाऱ्या उद्योगांसाठी सरकारी मानचिन्ह सुरू झालं. ते देताना दुर्मीळ कौशल्य खरोखर हातात आहे का हे तपासतात आणि चिन्ह पाच वर्षांपुरतंच देतात. मुदत संपली की पुन्हा तपासणी. मला ही पाच वर्षांची अट फार पटते, कारण कौशल्य एका पिढीच्या निवृत्तीत संपू शकतं आणि बाहेरून कोणाला कळतही नाही. संग्रहालयांनी, सजावटकारांनी, महागडा कागद मागवणाऱ्या प्रत्येकाने पेढीला तीच तपासणी लावावी. स्थापनेचं साल विचारू नये. ही नक्षी ठशांनी शेवटची कधी छापली ते विचारावं, आणि ती छापू शकणाऱ्यांपैकी तिशीच्या आतले किती आहेत ते विचारावं.